दंड भरला, परवाना परत मिळाला, व्यसनाचे काय?



मावळात पाऊस एकदा स्थिरावला, की शनिवार-रविवारी लोणावळा-खंडाळ्याच्या वाटेवर वाहनांची रीघ लागते. भुशी धरण, टायगर पॉइंट, कार्ला-भाजे, पवनेचा जलाशय अशी सर्वत्र माणसे आणि वाहने. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर पोलीस श्वासपरीक्षणाचे यंत्र घेऊन उभे राहतात. त्यात जे सापडतात त्यांची प्रकरणे न्यायालयात जातात, दंड भरला जातो आणि विषय संपतो. आमच्या मते खरा विषय तेथे सुरू व्हावयास हवा. गेली वीस-बावीस वर्षे ह्याच पट्ट्यात व्यवसाय करीत असताना जे पाहिले, आणि जेथे आमची स्वतःची चूक झाली, ते ह्या लेखात मांडत आहोत.

मद्य पिऊन वाहन चालविणारा म्हटला, की मुंबई-पुण्याचा पर्यटक डोळ्यांसमोर येतो. तो असतोच, परंतु दंड भरून तो आपल्या गावी निघून जातो आणि त्याचे पुढे काय झाले हे आपणांस कळत नाही. आपल्या दवाखान्याची पायरी चढतो तो येथला चालक. कोणी पर्यटकांची जीप चालवितो, कोणी दुधाचा टेम्पो, कोणी तळेगावच्या हरितगृहांतील फुले पहाटे बाजारात पोहोचवितो, कोणी तळेगाव-चाकणच्या कारखान्यांचा माल ट्रकने नेतो. 'दारू सोडावयाची आहे' असे म्हणून तो येत नाही. 'भूक लागत नाही, झोप येत नाही, पोटात आग पडते, हात थरथरतात' एवढेच सांगतो. परवाना गेल्याची गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळते, आणि तीही बहुधा पत्नीकडून.

कायदा काय विचारतो आणि काय विचारीत नाही

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या व त्यापुढील गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीने कलम १९ मध्ये तरतूद झाली, की प्रथम अपराधात परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र ठरविता येतो आणि पुन्हा अपराध घडल्यास तो रद्द करता येतो. परवाना परत देण्यापूर्वी चालकाने उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे, असेही त्यात आहे.

ही सर्व व्यवस्था आवश्यकच आहे. मात्र श्वासपरीक्षणापासून परवाना परत मिळेपर्यंतच्या साखळीत 'ह्या माणसाला मद्याचा विकार जडला आहे काय?' हा प्रश्न विचारणे कोणावरही बंधनकारक नाही. उजळणी प्रशिक्षण वाहन चालविण्याचे असते. सणासुदीला एकदा प्यालेला तरुण आणि सकाळी दोन घोट घेतल्याखेरीज ज्याचे हात स्थिर होत नाहीत असा चाळिशीचा चालक, ह्या दोघांना शिक्षा एकच. पहिल्याला दंडाची जरब पुरते. दुसऱ्याला दंडाने काही होत नाही, कारण तो भीती विसरून पीत नाही, न प्यायल्यास शरीर चालत नाही म्हणून पितो.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, ते प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. अल्पवयीन चालकास प्रथम जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि त्यावर देशभर संताप उसळला. त्या निबंधाच्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. त्याच आदेशात मद्यपानाविषयी समुपदेशन घेण्याचीही अट होती. निबंधाची थट्टा झाली ती रास्त होती. पण समुपदेशन म्हणजे नेमके काय, ते कोणी करावयाचे, किती काळ आणि त्याचा अहवाल कोण पाहणार, ह्यावर कोणीच बोलले नाही. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्यावर अधिक लिहिणे योग्य नाही. मात्र आपल्यापैकी जे प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकारी आहेत, त्यांच्यापुढे मद्यप्राशन तपासणीसाठी माणसे आणली जातात. अशा वेळी फोन कोणाचाही येवो, नमुना ज्याचा त्याचाच राहिला पाहिजे. आणि रक्त घेताना त्वचा स्पिरिटने पुसू नये, ही साधी गोष्टही गडबडीत विसरली जाते.

महामार्गाबाबतही असेच अर्धे काम झाले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीस बंदी घातली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नगरपालिका हद्दीतील परवानाधारकांना हा आदेश लागू नसल्याचे स्पष्ट केले. लोणावळ्यासारख्या महामार्गावरच्या नगरपालिकेच्या गावात ह्याचा अर्थ काय होतो, हे येथल्या वाचकांना सांगावयास नको.

आमची चूक

२०२२ च्या हिवाळ्यातील प्रसंग आहे. पवन मावळातील एका गावचा, पर्यटकांची जीप चालविणारा चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ निद्रानाशाची तक्रार घेऊन आला. जिव्हा साम, क्षुधा मंद, नाडी चंचल, हातांना सूक्ष्म कंप. महिन्यापूर्वी परवाना तीन महिन्यांसाठी गेल्याचे पत्नीने सांगितले. ती म्हणाली, "लायसन गेलं तवापास्नं घरीच हायेत, अन् घरी हायेत म्हणून जास्तच घेत होते. आता धा दिस झालं, बंद हाय." दहा दिवस मद्य बंद आहे एवढे ऐकून आम्हांला समाधान वाटले. ते बंद कशामुळे झाले, हे आम्ही विचारले नाही. अश्वगंधारिष्ट चार चमचे समभाग पाण्यातून रात्री जेवणानंतर, असे लिहून दिले आणि पुढील रुग्णास आत बोलावले.

त्याच रात्री अकराच्या सुमारास फोन आला. चेहरा व मान लालबुंद, छातीत धडधड, सारख्या उलट्या, अंग घामाने थबथबलेले. झोप लवकर यावी म्हणून गृहस्थाने चार चमच्यांऐवजी पेलाभर अरिष्ट घेतले होते. रुग्णालयात नेईपर्यंत रक्तदाब बराच खाली आला होता. तेथे कळले, की पुण्याच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडून त्याला डायसल्फिरामच्या गोळ्या सुरू होत्या. ही गोळी मद्यार्काचे शरीरातील विघटन मध्येच अडविते. त्यामुळे अॅसिटाल्डिहाइड साचते आणि वरील लक्षणे उद्भवतात. मद्य कोणत्या बाटलीतून आले, ह्याच्याशी तिला कर्तव्य नसते. आमच्या बाटलीतूनही ते आलेच होते.

गोळीविषयी त्याने आम्हांला सांगितले नाही, कारण 'आयुर्वेदिकला सगळं चालतं' अशी त्याची समजूत होती. ही समजूत त्याने आणली कोठून? आपणच ती वर्षानुवर्षे रुजविली आहे. सलाईन लावून दुसऱ्या दिवशी तो घरी आला खरा. पण इंग्रजी गोळीनेही मारले आणि आयुर्वेदानेही, असे म्हणून त्याने दोन्ही सोडले. परवाना परत मिळाला. पाच महिन्यांत तो पुन्हा मद्यधुंद अवस्थेत पकडला गेला आणि ह्या खेपेस परवाना रद्द झाला. मधल्या काळात एखादा पादचारी त्याच्या गाडीखाली आला नाही, ह्यात आमचे कर्तृत्व काही नाही.

आसवारिष्टांचा हिशेब

औषधविक्रेत्या मित्रांसाठी हा भाग थोडा विस्ताराने लिहीत आहोत.

आसवारिष्टांत संधानाने निर्माण झालेला मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. काहींत त्याहून थोडा अधिक. लेबलावर त्याचे प्रमाण छापलेले असते, परंतु ते वाचतो कोण? साठ किलो वजनाच्या पुरुषाने ८ टक्के मद्यार्काचे अरिष्ट २० मिलिलिटर घेतले, तर शरीरात सुमारे १.६ मिलिलिटर, म्हणजे सव्वा ग्रॅम मद्यार्क जातो आणि रक्तातील प्रमाण १०० मिलिलिटरमागे सुमारे ३ मिलिग्रॅमपर्यंत चढते. कायद्याची मर्यादा ३०. तेव्हा 'वैद्यांच्या औषधामुळे पकडलो' ही सबब योग्य मात्रेत खरी ठरत नाही. मात्र अरिष्ट घेतल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे मुखातील मद्यार्कामुळे यंत्रावर वाढीव आकडा दिसू शकतो. म्हणून चालकाने औषध घेऊन लगेच गाडीवर बसू नये, हे सांगणे आपले काम आहे. त्याच गृहस्थाने ४५० मिलिलिटरची बाटली एका बैठकीत संपविली, तर मात्र २८ ग्रॅमच्या वर मद्यार्क पोटात जातो आणि रक्तातील प्रमाण ७० मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचते. ड्राय डेच्या दिवशी द्राक्षासवाचा खप का वाढतो, हे प्रत्येक विक्रेत्यास ठाऊक आहे. त्यावर आपण काउंटरमागे हसतो.

त्याहून अवघड गोष्ट आपल्या लेखणीची. मद्यप्याचे यकृत बिघडले, की आपण काय लिहितो? कुमार्यासव, रोहितकारिष्ट. निद्रेसाठी अश्वगंधारिष्ट, मनासाठी सारस्वतारिष्ट. फार कशाला, मदात्ययावर प्रसिद्ध असलेले श्रीखंडासव हाही आसवच आहे. ग्रंथकारांनी ते ज्या काळी, ज्या अवस्थेत सांगितले, तेथे ते युक्त होते. परंतु आजचा रुग्ण डायसल्फिराम घेत असेल, किंवा पूर्ण वर्ज्यतेचा निश्चय करून आला असेल, तर चमचाभर आसवाचा गंध आणि चव त्याच्या सुप्त इच्छेला जाग आणण्यास पुरेशी होते. डायसल्फिराम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ह्या रुग्णांत आम्ही आता सर्व आसवारिष्टे वर्ज्य मानतो. त्यांच्या जागी क्वाथ, चूर्ण, घृत, वटी आहेतच. फलत्रिकादि क्वाथ, भूम्यामलकी, दोषबल पाहून कल्याणक घृत, ब्राह्मी, दुधातून शतावरी. निद्रेसाठी शिरोभ्यंग व पादाभ्यंग. सोय असल्यास शिरोधारा. सर्पगंधेचा मोह मात्र टाळावा. मद्य सोडलेल्या माणसाचे मन आधीच खचलेले असते आणि सर्पगंधेने ते अधिक खचू शकते. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे प्रसिद्ध झाल्या आहेत; यकृत बिघडलेले असेल तर ती चूर्णरूपातही जपूनच द्यावी.

कलम १८५ च्या दुसऱ्या भागात मद्याखेरीज अन्य अमली द्रव्याच्या अमलाखाली वाहन चालविणेही गुन्हा म्हटले आहे. विजया किंवा अन्य निद्राकर योग देताना रुग्ण चालक आहे काय, हे विचारल्याशिवाय औषधपत्र पूर्ण समजू नये.

मदात्यय: ग्रंथ आणि रुग्ण

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद्याचे दहा गुण सांगितले आहेत: लघु, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म, अम्ल, व्यवायी, आशुकारी, रूक्ष, विकाशी व विशद. हे गुण विषाचेही आहेत आणि ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध आहेत. मदाच्या अवस्थांचे वर्णन वाचावे. पहिल्या अवस्थेत हर्ष व उत्साह, दुसऱ्यात वाणी, स्मृती व विवेक डळमळलेले, आणि तिसऱ्यात माणूस तुटून पडलेल्या लाकडाप्रमाणे निश्चेष्ट. गाडी चालते ती पहिल्या व दुसऱ्या अवस्थेच्या सीमेवर. आपण ठीक आहोत अशी चालकाची पक्की खात्री असते, आणि निर्णय घेण्याची शक्ती मात्र उतरणीला लागलेली असते. बोरघाटाच्या वळणावर ही तफावत जिवावर बेतते.

चालकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. शरीर मद्यार्क सरासरी ताशी १५ मिलिग्रॅम ह्या गतीने कमी करते. मध्यरात्री रक्तात १८० मिलिग्रॅम असलेला माणूस सकाळी सातला झोपेतून उठतो तेव्हा अजून ७५ च्या आसपास असतो, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून अधिक. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याने स्नान ह्यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री पर्यटकांबरोबर 'बसलेला' जीपचालक सकाळी त्यांनाच टायगर पॉइंटला नेतो, तेव्हा तो स्वतःला शुद्धीवर समजत असतो.

चरकांनीच आणखी एक इशारा दिला आहे. मद्य सोडलेला मनुष्य पुन्हा एकाएकी अतिमात्रेत पिऊ लागला, तर त्यास ध्वंसक व विक्षय हे कष्टसाध्य विकार होतात. तीन महिने घरी बसून कसेबसे थांबलेला चालक परवाना हाती येताच मित्रांसह साजरे करावयास जातो, तो दिवस ह्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. आम्ही आता परवाना परत मिळण्याची तारीख रुग्णपत्रिकेवर लिहून ठेवतो आणि त्याच आठवड्यात रुग्णास पत्नीसह बोलावतो.

अपथ्याचा त्याग एकदम न करता पादांशाने करावा, हे सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे सांगणे आपण चहा-तंबाखूला सहज लावतो. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याचे मद्य अचानक तोडले तर काय होते, हे पाहिले म्हणजे त्या सांगण्याचे गांभीर्य कळते. सहा-आठ तासांत कंप, पहिल्या दोन दिवसांत आकडी, दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, भास, ज्वर व प्रलाप. ह्यात मृत्यू येऊ शकतो. ह्या अवस्थेची जागा घर नव्हे आणि आपला दवाखानाही नव्हे. रुग्णालयात योग्य औषधे देऊन ती मात्रा दिवसागणिक उतरवीत नेतात. तत्त्व पादांशिक क्रमाचेच आहे. थायमिन दिल्याशिवाय ग्लुकोजचे सलाईन लावू नये, हेही आपल्यापैकी जे सलाईन लावतात त्यांनी ध्यानात ठेवावे. पूर्वी कधी आकडी आली असेल, सकाळी उठल्याबरोबर प्यावे लागत असेल, किंवा मद्य थांबताच भास झाले असतील, तर रुग्णास त्याच दिवशी पुढे पाठवावे. ह्यात वैद्यकीला कमीपणा नाही.

आपले खरे क्षेत्र त्यापुढचे आहे: अग्नी पूर्ववत आणणे, ओजाचे पोषण आणि सत्त्वावजय. क्षीरप्रयोगाची महती त्याच अध्यायात आहे. खजूर, मनुका, आमसूल, चिंच, डाळिंब, फालसा व आवळा ह्यांचा मंथ चरकांनी सूत्रस्थानात मद्यविकारावर सांगितला आहे. त्यातली बहुतेक द्रव्ये मावळातल्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात आणि रुग्णाची पत्नी तो घरी करू शकते. संध्याकाळी सात वाजता, ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळतात, त्या वेळी हा मंथ देण्यास सांगावे. औषधाइतकेच त्या वेळेला महत्त्व आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम आहे. प्राणायामाचा अभ्यास शास्त्रशुद्ध शिकण्याची इतकी जवळची सोय अन्य तालुक्यांना नाही. मात्र प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर मद्यासक्तीवर आयुर्वेदीय चिकित्सेचे मोठे, तुलनात्मक अभ्यास आपल्या हाती नाहीत. 'रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळा, सात दिवसांत दारू बंद' अशा चूर्णांच्या जाहिराती आपल्याच व्यवसायाच्या नावावर चालतात, आणि काही दुकानांत त्या पुड्या अजूनही दर्शनी कपाटात आहेत. रुग्णाच्या नकळत दिलेले औषध हे औषध नव्हे. त्या पुडीत काय आहे, हे विक्रेत्यासही ठाऊक नसते.

अन्यत्र काय केले जाते

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात १९९५ साली मद्यपी चालकांसाठी विशेष न्यायालय सुरू झाले. तेथे शिक्षा व चिकित्सा एकाच न्यायाधीशाच्या देखरेखीखाली चालतात. साउथ डाकोटा राज्याने २००५ मध्ये वेगळा मार्ग घेतला. पुनःपुन्हा पकडल्या जाणाऱ्या चालकाने रोज सकाळ-संध्याकाळ श्वासपरीक्षणास यावयाचे, आणि मद्य आढळल्यास तत्काळ, पण अल्प मुदतीची कैद. रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जेथे हा कार्यक्रम होता तेथे पुन्हा मद्यपी अवस्थेत वाहन चालविल्याबद्दल होणाऱ्या अटका १२ टक्क्यांनी, तर घरगुती हिंसाचाराच्या अटका ९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दुसरा आकडा आम्हांला अधिक बोलका वाटतो. जर्मनीत रक्तातील प्रमाण फार अधिक आढळलेल्या चालकास वैद्यकीय व मानसशास्त्रीय परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज परवाना परत मिळत नाही. इतक्या दूर जावयाचे नसेल, तर हैदराबादचे उदाहरण आहे. तेथील वाहतूक पोलिसांनी पकडलेल्या चालकांस कुटुंबीयांसह समुपदेशनास बोलावण्याची पद्धत पाडली. पत्नीसमोर बसून ऐकावे लागणे ही गोष्ट दंडाहून जड जाते, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे कायद्यात जागा नाही असे मात्र नाही. परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ अन्वये न्यायालय अपराध्यास देखरेखीखाली सोडताना बंधपत्रात मादक द्रव्यांपासून दूर राहण्याची अट घालू शकते. ते शब्द कायद्यातच आहेत. ही तरतूद वापरावी की नाही, हे सर्वस्वी न्यायाधीशांच्या विवेकाधीन आहे. परंतु अट पाळली जात आहे काय हे पाहणारा वैद्यकीय दुवा तालुक्यात उपलब्ध नसेल, तर ती घालणार कोण? मद्यासक्तीने ग्रस्त असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. उरलेले सदतीस कोठे जातात? त्यांतले काही निश्चितच आपल्याकडे 'भूक लागत नाही' म्हणून येतात.

पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. औषधाइतकाच सहवास, कुटुंबाचा सहभाग व दीर्घ पाठपुरावा ह्यांवर तेथे भर असतो. निवासी उपचारांची गरज असलेल्या रुग्णास आम्ही तेथे किंवा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवितो. मावळात भाड्याच्या बंगल्यावर पाटी लावून व्यसनमुक्ती केंद्र काढण्याचा मोह होणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व अमली द्रव्यांशी निगडित विकारांचा समावेश आहे. अशा रुग्णांना दाखल करून घेणारी आयुर्वेदीय संस्थाही नोंदणीच्या कक्षेत येते, आणि कोणालाही कोंडून ठेवण्याचा अधिकार ती देत नाही.

आम्ही बदललेल्या गोष्टी

मोठी योजना आमच्याजवळ नाही. दवाखान्यात प्रत्येक चालक रुग्णास जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली मराठीत विचारतो. एकूण ४० पैकी ८ वा अधिक गुण म्हणजे धोक्याचे पिणे, २० च्या पुढे अवलंबित्वाची दाट शंका. पाच मिनिटे लागतात. औषधपत्राच्या माथ्यावर 'अन्य औषधे' अशी ओळ छापून घेतली आणि ती रिकामी असेल तर औषध द्यावयाचे नाही असे कंपाउंडरला सांगितले. राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यवाणीचा १४४४६ हा क्रमांक भिंतीवर आहे. तालुक्यातील वैद्यांनी मिळून वडगाव येथील वकीलमंडळींना भेटावे, आणि शिक्षा झालेल्या चालकाची सहा महिने मासिक तपासणी विनामूल्य करून त्याचा लेखी अहवाल देण्याची तयारी दाखवावी, असा आमचा प्रस्ताव आहे. सभासदांनी त्यावर पत्राने मते कळवावीत.

पवन मावळातील ते गृहस्थ दीड वर्षाने पुन्हा आले. आता ते एका रोपवाटिकेत काम करतात. मद्य कधी तीन महिने बंद असते, कधी घसरण होते. गेल्या खेपेचे अंतर सात महिन्यांचे होते. मनोविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जातात आणि आमचेही औषध घेतात. दोघांच्या चिठ्ठ्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत असतात. आम्ही त्यांची माफी मागितली, तेव्हा ते संकोचले आणि विषय बदलून परवाना परत मिळेल का असे विचारू लागले.

आमच्या शेजारच्या औषधविक्रेत्याने आसवारिष्टे दर्शनी फळीवरून काढून काउंटरच्या मागे नेली आहेत. खप घटला, अशी त्याची कुरकुर असते. गेल्या महिन्यात त्याचा संध्याकाळी फोन आला. एक जण कुमार्यासवाच्या तीन बाटल्या मागत होता, चिठ्ठी नव्हती, तोंडाला वास होता आणि टेम्पो दाराशी चालू ठेवलेला होता. काय करू, असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, त्याला बसवा, पाणी द्या, टेम्पो बंद करावयास सांगा, आम्ही येतो.